घरचं सोलर आणि बॅटरी : कोकणातल्या घरासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आमच्या दापोली तालुक्यात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. विहिरी भरलेल्या होत्या, पण पंप चालत नव्हते. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. त्यानंतर आम्ही घरावर ३ किलोवॅटची पॅनेल बसवली आणि सोबत ५ युनिटांची बॅटरी घेतली. तेव्हापासून शेजारी, नातेवाईक आणि गावी घर बांधणारे मुंबईकर फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण सगळे गैरसमज तिथूनच सुरू होतात. बिल कमी करणं हे पॅनेलचं काम आणि अंधार टाळणं हे बॅटरीचं. दोन्हीचा हिशेब वेगवेगळा मांडा.

छतावर सोलर आहे, बाहेर लख्ख ऊन आहे, तरी लाईट गेली की घर बंद का पडतं?

कारण बहुतेक घरांवर बसतो तो साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात चालेल अशा विजेत बदलून महावितरणच्या लाईनला जोडणारं यंत्र. तो महावितरणच्या विजेचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बघून त्यावर आपली वीज चढवतो. समोरून वीजच आली नाही तर तो स्वतःहून थांबतो, आणि त्यानं थांबायलाच हवं. लाईट गेल्यावर वायरमन डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) बंद करून खांबावर चढतो. त्याच वेळी तुमच्या छतावरून तारेत वीज जात राहिली तर त्याचा जीव जाईल. म्हणून ही सोय प्रत्येक इन्व्हर्टरमध्ये सक्तीची आहे. ती कुणी 'काढून देतो' म्हणालं तर त्या माणसाला घरात घेऊ नका.

वाईट याचं वाटतं, की विकताना हे कुणी सांगत नाही. लोक लाखभर रुपये घालतात आणि पहिल्याच वादळात अंधारात बसून सोलरला नावं ठेवतात.

मग हायब्रिड म्हणजे काय?

हायब्रिड इन्व्हर्टर पॅनेल, बॅटरी आणि महावितरण या तिघांनाही जोडलेला असतो. लाईट गेली की तो बाहेरची लाईन तोडतो आणि बॅटरीच्या आधारानं घरापुरती वीज स्वतः तयार करत राहतो. वायरमन सुरक्षित राहतो आणि तुमचा फ्रिजही चालू राहतो. हा बदल सेकंदाच्या अगदी लहानशा भागात होतो. आमचा राउटरसुद्धा बंद पडत नाही.

मात्र सगळं घर त्यावर चालत नाही. इन्व्हर्टरला बॅकअपसाठी वेगळं आउटपुट असतं आणि त्यावर एक छोटा वेगळा डीबी (स्विच-फ्यूजची पेटी) काढावा लागतो. पंखे, दिवे, फ्रिज, टीव्ही, राउटर आणि स्वयंपाकघरातला एखादा प्लग त्यावर घ्यायचा. गिझर, एसी, इस्त्री आणि पंप मुख्य डीबीवरच राहू द्यायचे. वायरिंग चालू असतानाच हे ठरवा, कारण नंतर भिंती फोडाव्या लागतात. आमच्याकडे बसवणाऱ्यानं न विचारता पंपही बॅकअपवर टाकला होता. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी पंप सुरू केला आणि मिक्सर, फ्रिज, दिवे सगळं एकदम ट्रिप झालं.

बॅटरी लावली तर बिल आणखी कमी होईल ना?

नेट मीटरिंग, म्हणजे तुम्ही लाईनला दिलेले युनिट घेतलेल्या युनिटांतून वजा होण्याची सोय, असेल तर नाही.

समजा ३ किलोवॅटमधून दिवसाला १२ युनिट तयार झाले. त्यातले ४ घरात लगेच वापरले गेले आणि ८ बाहेर गेले. रात्री तुम्ही ५ युनिट परत घेतले. मीटर दोन्ही बाजूंनी मोजतो, त्यामुळे ते ५ वजा होऊन ३ तुमच्या खात्यावर जमा राहतात. इथे महावितरणची लाईनच तुमची बॅटरी झाली, आणि तीही गळती नसलेली. घरच्या बॅटरीत मात्र १० युनिट भरले तर साधारण ९ परत मिळतात. म्हणजे नेट मीटरिंग असताना बॅटरी रोज भरून रोज रिकामी केली तर थोडी वीज वाया जाते आणि बॅटरीही झिजते.

बॅटरीची खरी किंमत काढायची एक सोपी रीत आहे. बॅटरीच्या आयुष्यात तिच्यातून एकूण किती युनिट बाहेर पडणार ते काढायचं आणि त्यानं किंमतीला भागायचं. समजा बॅटरी १ लाखाची आहे, एका वेळी ४.६ युनिट देते आणि ४,००० वेळा भरता-रिकामी करता येते. तर एकूण १८,४०० युनिट होतात, म्हणजे युनिटमागे साधारण साडेपाच रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण तुम्ही ती फक्त लाईट गेल्यावर वापरणार असाल, वर्षातून १०० वेळा धरा, तर दहा वर्षांत ४,६०० युनिटच निघतील आणि युनिट जवळपास २२ रुपयांना पडेल. मी ती किंमत मोजली. घरात आईचं नेब्युलायझर आहे आणि पावसाळ्यात तीन-तीन दिवस लाईट नसते. ज्याच्या घरी लाईट महिन्यातून तासभरच जाते, त्यानं बॅटरीवर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पण यूट्यूबवर तर सगळे सांगतात की बॅटरीनं पैसे वाचतात?

ते व्हिडिओ कुठले आहेत ते बघा. जर्मनीत घरून लाईनला दिलेल्या विजेचे युनिटमागे ८ सेंटच्या आसपास मिळतात आणि विकत घेताना ३५-४० सेंट मोजावे लागतात. तिथे दुपारची वीज रात्रीपर्यंत साठवून स्वतःच वापरण्यात मोठा फायदा आहे. म्हणून तिथल्या आपल्या मराठी मंडळींच्या घरांतही बॅटरी दिसते. त्यांचा सल्ला त्यांच्या जागी बरोबरच आहे. आपल्याकडे युनिटास युनिट वजा होतो, म्हणून गणित वेगळं आहे. विजेचे दर आणि वजावटीचे नियम वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार बदलतात, तेव्हा करारावर सही करण्याआधी त्या दिवशी लागू असलेला नियम महावितरणच्या उपविभागात विचारून घ्या.

नेट मीटरिंग नसेल तर?

तर स्वतः वापरणं हाच फायदा, आणि तिथे बॅटरी कामाला येते. इन्व्हर्टर 'झिरो एक्सपोर्ट'वर लावतात, म्हणजे एकही युनिट बाहेर जात नाही. घरात न वापरलेली वीज बॅटरीत जाते आणि बॅटरी भरली की पॅनेल आपोआप कमी वीज काढतात. पण तरीही आधी सवयी बदला. पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सरची मोठी कामं सकाळी १० ते दुपारी ३ मध्ये उरका. दुपारी थेट वापरलेल्या युनिटाला बॅटरी लागत नाही.

किती किलोवॅटची पॅनेल आणि किती युनिटांची बॅटरी घ्यावी?

पॅनेलचा अंदाज सोपा आहे. आपल्याकडे वर्षभराची सरासरी धरली तर १ किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात. गेल्या बारा महिन्यांची बिलं समोर घ्या, सगळे युनिट मिळवा आणि १,४०० नं भागा. जो आकडा येईल तितके किलोवॅट लागतील. त्याहून जास्त घेऊ नका. ३१ मार्चला खात्यावर उरलेल्या युनिटांचे पैसे मिळतात, पण ते आपल्या घरगुती दरापेक्षा बऱ्याच कमी दरानं. शिवाय १०० युनिटांच्या पुढचा दर पहिल्या १०० च्या जवळपास दुप्पट असतो, म्हणून पहिले एक-दोन किलोवॅटच सगळ्यात जास्त पैसे वाचवतात. ३ किलोवॅटला साधारण साडेपाचशे वॅटची ६ पॅनेल लागतात. मध्ये चालायला वाट सोडून २५०-३०० चौरस फूट जागा धरा.

बॅटरीसाठी मात्र बिल बाजूला ठेवा आणि रात्र मोजा. कागद-पेन्सिल घेऊन बसा. आमच्या घरचा हिशेब असा होता : बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे तीन, प्रत्येकी ३० वॅट, दहा तास, म्हणजे ०.९ युनिट. फ्रिज बारा तासांत ०.६. पाच एलईडी दिवे पाच तास, ०.२ च्या थोडं वर. टीव्ही तीन तास ०.२४. राउटर ०.१२. एकूण सुमारे २.१ युनिट. पंखे जुने ७५ वॅटचे असते तर एकट्या पंख्यांचेच सव्वादोन युनिट झाले असते. म्हणून सांगतो, बॅटरी मोठी घेण्याआधी पंखे बदला.

बाजारात नेहमी मिळते ती बॅटरी ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर म्हणजे ५.१२ युनिटांची. पूर्ण रिकामी करायची नसते, त्यामुळे ९० टक्के धरा, ४.६. इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज जाते, म्हणून प्लगपर्यंत ४.२ च्या आसपास पोचते. आमच्या दोन रात्री त्यात निघतात.

पंप, एसी, गिझर बॅटरीवर चालवता येतील का?

इथे दोन वेगळे आकडे लक्षात ठेवा. बॅटरी किती युनिटांची, म्हणजे टाकीत पाणी किती. इन्व्हर्टर किती किलोवॅटचा, म्हणजे नळातून एका वेळी किती येतं. १ एचपीचा पंप चालताना साधारण १ किलोवॅट घेतो, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट ओढतो. त्या झटक्याला ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर ट्रिप होतो. त्यापेक्षा पाण्याची टाकी मोठी घ्या आणि दुपारी भरून ठेवा. भरलेली टाकीसुद्धा एक प्रकारे साठवलेली वीजच आहे, आणि बॅटरीहून कितीतरी स्वस्त. १ टनाचा इन्व्हर्टर एसी तासाला अर्धा ते पाऊण युनिट खातो, म्हणजे रात्रभरात आमची सगळी बॅटरी संपेल. गिझर २-३ किलोवॅटचा, तो विसरा. पाणी तापवायला सोलर बंब आहे किंवा चूल आहे.

पावसाळ्यात तर ऊनच नसतं, मग बॅटरी भरणार कशी?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात आणि कोकणात तोच पहिला असायला हवा. पुण्या-नगरकडे लाईट मे महिन्याच्या वळवात जाते, पण दुसऱ्या दिवशी ऊन पडतं. आपल्याकडे लाईट जाते ती जून-जुलैत, फांदी तारेवर पडून, आणि नेमकं तेव्हाच आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. उन्हाळ्यात १२-१३ युनिट देणारी आमची पॅनेल सलग मुसळधार पावसात दिवसाला २-३ युनिटांवर येतात.

त्यामुळे पावसाळ्यात बॅटरी लाईनवरून भरून ठेवायची. इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये लाईनवरून चार्जिंग चालू-बंद करता येतं. बसवणारे बहुतेक वेळा ते बंद ठेवून जातात, कारण 'सोलरचंच वापरा' असा त्यांचा विचार असतो. पहिल्या पावसाळ्यात मला हे ठाऊक नव्हतं. दोन दिवस झड लागली, बॅटरी रोज संध्याकाळी थोडी थोडी उतरत राहिली आणि तिसऱ्या रात्री लाईट गेली तेव्हा तिच्यात १४ टक्के होते. आता मी मृगाच्या आधी दोन गोष्टी करतो : लाईनवरचं चार्जिंग चालू आणि राखीव पातळी ८० टक्के. म्हणजे लाईट असताना इन्व्हर्टर बॅटरी ८० च्या खाली येऊच देत नाही. नवरात्र संपलं की पातळी पुन्हा ३० वर.

आणि अंधाऱ्या दिवसांतही ते २-३ युनिट किमती असतात. लाईट नसताना रात्रीला २.१ युनिट लागतात आणि दिवसा तेवढेच आले, तर काटकसरीनं घर बरेच दिवस तगतं. वादळाचा इशारा आला की बॅटरी १०० टक्के भरा, वरची टाकी भरा आणि फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा.

लिथियम घ्यावी की पाण्याची ट्यूब्युलर?

ट्यूब्युलर स्वस्त असते, तालुक्याच्या गावात मिळते आणि तिचा मेकॅनिकही मिळतो. ही मोठी सोय आहे, ती कमी लेखू नका. पण तिच्यातली अर्धीच वीज वापरायची असते, नाहीतर ती लवकर मरते. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्यांमध्ये कागदावर ७.२ युनिट असतात, पण वापरायला ३.६ च मिळतात. डिस्टिल्ड पाणी घालत राहावं लागतं, चार-पाच वर्षांत बदलावी लागते आणि भरताना हायड्रोजन सुटतो, म्हणून हवेशीर जागा हवी.

लिथियममध्ये घरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, हाच प्रकार घ्या. ती हजारो वेळा भरता येते आणि इतर लिथियम प्रकारांपेक्षा तापल्यावर जास्त स्थिर राहते. तिच्यातला बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, प्रत्येक सेलवर नजर ठेवतो. मात्र तो इन्व्हर्टरशी 'बोलणारा' हवा. दोन्हीची जोडी कंपनीच्या यादीत आहे का ते लेखी विचारा. गावात कायम राहणारं घर असेल तर मी एलएफपीच सुचवेन. घर वर्षातून महिनाभरच उघडत असेल तर बॅटरी नकोच, पॅनेल पुरेत.

बॅटरी ठेवायची कुठे?

चिपळूणकरांनी याचं उत्तर फार महागात शिकून घेतलं आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिथे तळमजले पाण्याखाली गेले. नदी-खाडीकाठी घर असेल तर बॅटरी आणि इन्व्हर्टर माडीवर घ्या, निदान पुराच्या जुन्या खुणेच्या वर तरी. बुडालेली बॅटरी वाळवून पुन्हा चालू करू नका.

बाकी जागा सावलीची, कोरडी आणि वारा खेळता असलेली हवी. उष्णतेनं बॅटरीचं आयुष्य कमी होतं. पत्र्याखालची खोली, पश्चिमेची भिंत, स्वयंपाकघर, झोपायची खोली या जागा टाळा. जिन्याखालीही नको, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. विदर्भात चंद्रपूर-नागपूरकडे, जिथे पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे तर घरातली सगळ्यात थंड खोली बॅटरीला द्यावी.

सबसिडी बॅटरीवर मिळते का?

बॅटरीवर नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेत पॅनेलच्या क्षमतेवर अनुदान आहे : पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. त्यापुढे पॅनेल कितीही वाढवली तरी रक्कम तेवढीच. प्रकल्प लाईनला जोडलेला हवा आणि पॅनेलमधले सेल भारतात बनलेले हवेत. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर स्वतः भरा. वीजबिल, मीटरवरचं नाव आणि बँक खातं जुळत असल्याची आधी खात्री करा. आमच्याकडे कितीतरी घरांची बिलं अजून आजोबांच्या नावावर आहेत आणि अर्ज तिथेच अडतो. नाव बदलून घ्यायला आजच लागा. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक पाहणीशिवाय मंजुरी मिळते.

कौलारू घर, भोवती माड, त्यात वांदर. जमेल का?

जमतं, पण कौलांवर नको. वजन, पागोळीची गळती आणि वाऱ्याचा उचल, तिन्ही त्रास होतात. गोठ्यावरचा किंवा पडवीवरचा स्लॅब असेल तर तो बघा, नाहीतर अंगणात लोखंडी मांडव उभारा. माडाची सावली डिसेंबरात बघून जागा ठरवा. तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि १५ मीटर उंच माडाची सावली भर दुपारीही उत्तरेकडे साधारण १३ मीटर जाते. पडणारा नारळ किंवा झाप लागेल अशा जागी पॅनेल लावूच नका.

समुद्राजवळ सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या. साधे बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजतात आणि पॅनेल उडून जायला एक सैल बोल्ट पुरतो. वांदरांसाठी आम्ही सांगाडा उंच घेतला आणि त्यांचा फणसावरून उडी मारायचा रस्ता छाटला. पूर्ण बंदोबस्त होत नाही, म्हणून विमा उतरवला आहे.

अर्थिंगला एवढं महत्त्व कशाला?

जांभ्यामुळे. कातळात वीज सहज मुरत नाही. तीन वेगळी अर्थिंग हवीत : आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाला एक, पॅनेलच्या डीसी बाजूला एक, इन्व्हर्टरनंतरच्या एसी बाजूला एक. बसवणाऱ्याला मीटर लावून रोध मोजायला लावा, ५ ओहमच्या खाली आला पाहिजे. आणि तो आकडा एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी असताना पुन्हा मोजा.

पॅनेल किती वेळा धुवायची?

दिवाळी ते मे, दर पंधरा दिवसांनी, सकाळी लवकर, गार असताना, साध्या पाण्यानं. तापलेल्या काचेवर थंड पाणी नको.

गणपतीत मुंबईहून वीस माणसं येतात. बॅटरी पुरेल?

पुरते, पण तयारी लागते. त्या दिवसांत पंखे दुप्पट चालतात, फ्रिज सारखा उघडतो आणि आमची रात्र २.१ वरून चार युनिटांपर्यंत जाते. म्हणजे दोन रात्रींची बॅटरी एकाच रात्रीची होते. आम्ही आदल्या दिवशी बॅटरी १०० टक्के करून ठेवतो. मखराच्या दिव्यांच्या माळा एलईडीच्या घेतल्या आहेत आणि त्या बॅकअपवर आहेत. मोदकांचं वाटण पाटा-वरवंट्यावर किंवा दिवसा मिक्सरवर होतं. कुठले प्लग बॅटरीवर आहेत ते कळावं म्हणून त्यांवर लाल रंगाचा ठिपका लावला आहे, आणि इस्त्री त्या ठिपक्यावर लावायची नाही हे आलेल्या प्रत्येकाला पहिल्या चहाबरोबरच सांगतो. गेल्या वर्षी आरतीच्या मध्यावर लाईट गेली. ती गेल्याचं आम्हाला शेजारच्या घरातला अंधार बघून कळलं, आणि आरती झाल्यावर त्यांच्या घरचे सगळे फोन आमच्या लाल ठिपक्यांवर चार्जिंगला लागले.